मोती तलाव, मस्तगड आणि मोहल्ल्यातली बैठक

जालना शहराच्या पश्चिम अंगाला मोती तलाव आहे. अनंत चतुर्दशीला शहरातल्या गणपतींचे विसर्जन या तलावात होते. शेजारच्या मोतीबागेत संध्याकाळी मुले खेळतात. हा तलाव कोणी बांधला असे तिथे आलेल्या माणसाला विचारले तर नेमके उत्तर मिळेलच असे नाही. जुन्या जालन्यातल्या आपल्या मोहल्ल्यांत विचारले तरी फार वेगळा अनुभव येईल असे वाटत नाही.

तलाव बांधणारा जमशेदखान हा सोळाव्या शतकातला, अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमलातला अधिकारी. काळी मशीद त्याचीच, मशिदीजवळची सराय त्याचीच आणि हमामही त्याचाच. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये त्याच्या कामाची थोडक्यात हकिकत आहे. तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावात आणले होते आणि ते साठवायला हौद बांधले होते. गॅझेटियर लिहिले गेले तेव्हा हे नळ बुजून गेले होते आणि हौद नादुरुस्त झाले होते. शहराच्या भरभराटीच्या दिवसांत पाच तलाव होते, असेही तिथे नोंदवले आहे.

या हकिकतीतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. या सगळ्या हौदांत सर्वांत मोठा हौद सरायच्या चौकात होता. मशिदीला वजूसाठी पाणी लागणारच, पण मोठा हौद बांधताना जमशेदखानाने जागा निवडली ती सरायची, जिथे कोणत्याही धर्माचा व्यापारी, बैल-घोडे घेऊन आलेला माणूस, वाटसरू उतरत असे. मशीद, सराय, हमाम, तलाव आणि नळ ही पाच कामे सुटी सुटी पाहिली तर एका श्रीमंत अंमलदाराचे पुण्यकर्म दिसते. एकत्र पाहिली तर शहराची मांडणी दिसते. पाणी कुठून येईल, परका माणूस कुठे राहील, बाजार कुठे भरेल याचा विचार त्यात आहे. आज आपण ज्याला नगररचना म्हणतो ती हीच.

आपल्या परंपरेत या कामाला सदका-ए-जारिया म्हणतात, म्हणजे माणूस गेल्यावरही चालू राहणारे दान. मदिनेत पाण्याची टंचाई असताना हजरत उस्मान यांनी रूमा नावाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ही गोष्ट आपल्या घराघरांत मुलांना सांगितली जाते. दख्खनमध्ये या विचाराला मोठे कारागीर मिळाले. मलिक अंबरने खडकी वसवली आणि तिच्यासाठी नहर काढली. जमशेदखानाचे जालना त्याच्याही आधीचे. मलिक अंबरचे नाव तरी इतिहासाच्या पुस्तकात आले. जमशेदखानाच्या वाट्याला तेही आले नाही.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. शहर व्यापारी होते आणि संपन्न होते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालन्यावर स्वारी केली ती या संपन्नतेमुळेच. पुढे निजामुल्मुल्क आसफजाहच्या हुकमाने काबिलखानाने १७२५ मध्ये किल्ला बांधला. त्याची गढी म्हणजे मस्तगड. कुंडलिकेच्या एका काठावर जालना, दुसऱ्या काठावर कादराबाद, अशी दोन गावे समोरासमोर वाढली. आज त्यांनाच आपण जुना जालना आणि नवा जालना म्हणतो. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी जालना घेतले आणि त्याच महिन्यात असईला मोठी लढाई झाली. १८२७ मध्ये छावणी आली. ही छावणी हैदराबाद कॉन्टिंजंट या फौजेची होती आणि १९०३ पर्यंत ती फौज इथे राहिली. सदर बाजारासारखी नावे त्या काळाची आठवण देतात.

छावणीच्या काळातच जालन्याजवळ वस्ती वसवण्याचा एक वेगळा प्रयोग झाला. रेव्हरंड नारायण शेषाद्री या ख्रिस्ती झालेल्या मराठी ब्राह्मणाने निजाम सरकारकडून जमीन मिळवली आणि बेथेल नावाचे गाव वसवले. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते अशा नवख्रिस्ती कुटुंबांसाठी ते होते. वस्तीची मांडणी बदलली की माणसाचा समाजातला दर्जा बदलतो, ही समज त्यामागे होती. तिच्याबद्दल आपल्या लिखाणात कधी चर्चा झालेली मला आठवत नाही.

या सर्व काळात शहराविषयीची चर्चा कोण करत होते? रयत करत नव्हती, हे स्पष्ट आहे. जमशेदखानाने गावाला विचारून तलाव बांधला नाही. काबिलखानाने किल्ल्यासाठी हरकती मागवल्या नाहीत. निजामी अमलात मस्तगडाच्या गढीत नगरपालिकेची कचेरी भरू लागली, तरी कारभार वरूनच चालत असे. १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला, हैदराबाद वाहून गेले, आणि मग विश्वेश्वरय्यांना बोलावणे झाले. १९१२ मध्ये तिथे सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले; उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. राजधानीला हे मिळाले. मराठवाड्यातल्या गावांना असे बोर्ड मिळाले नाही. जालन्याच्या बाबतीत पाण्याचे मोठे काम पुन्हा एका दानशूर माणसाच्या नावावर आहे. घाणेवाडीचा जलाशय निजामी काळात झाला तो बेझनजी जालनावाला या पारशी गृहस्थांच्या पुढाकाराने. तिथून पाणी उताराने, पंपाशिवाय, नव्या जालन्यात येत असे.

चारशे वर्षांत मुसलमान अधिकारी आणि पारशी व्यापारी अशा दोघांनी शहराला पाणी दिले. दोन्ही वेळा पाणी दान म्हणून आले. दान घेणाऱ्याला फक्त दुवा द्यायची असते. पाणी कोणत्या मोहल्ल्याला किती, नळ कोणत्या गल्लीतून जाणार, हे विचारण्याची सवय दानाच्या व्यवस्थेत लागत नाही. ही सवय लागायची वेळ आली ती नेमकी १९४८ नंतर, आणि मराठवाड्यातल्या मुसलमानाच्या दृष्टीने त्याहून वाईट मुहूर्त असू शकत नव्हता.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत भारतीय फौजेची एक तुकडी जालन्यात थांबली आणि बाकीची लातूरकडे गेली. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांची किंमत ज्यांचा त्यांच्याशी संबंध नव्हता अशा गोरगरीब मुसलमानांनी मराठवाड्यात अनेक ठिकाणी मोजली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने ते पाहिले आणि लिहिले. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. अंमलदार, वकील, शिकलेली घराणी हैदराबादला किंवा कराचीला निघून गेली. जे राहिले ते विणकर, बागवान, खाटीक, पिंजारी, हमाल, टांगेवाले. कचेरीची भाषा उर्दू होती ती मराठी आणि इंग्रजी झाली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

म्हणजे ज्या वेळी रयतेचा नागरिक झाला, मत मिळाले, नगरपालिकेला जाब विचारण्याचा हक्क मिळाला, त्याच वेळी आपल्या समाजातली वाचणारी-बोलणारी पिढी गेली आणि उरलेल्यांच्या हातातली भाषा निकामी ठरली. भीती तर होतीच. अशा स्थितीत समाज काय करतो? जे सर्वांत शेवटचे वाचवायचे असते त्याभोवती कुंपण घालतो. मशीद, कबरस्तान, इदगाह, दर्गा. मोहल्ल्यातल्या बैठकीचा विषय तिथून ठरला आणि पुढे पन्नास वर्षे तो फारसा बदलला नाही.

ही बैठक आपण सर्वांनी पाहिलेली आहे. इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या सहनात किंवा शादीखान्यात ती भरते. मुतवल्ली असतात, नगरसेवक असतात, एखादा तरुण वकील असतो. विषय बहुधा एकच, कबरस्तानची भिंत. रस्तारुंदीत भिंत जाणार आहे असे कोणाच्या तरी कानावर आलेले असते. दोन तास तावातावाने बोलणे होते, निवेदन तयार होते, शिष्टमंडळ ठरते. मग एखादा म्हातारा विचारतो, “मियाँ, ये रस्ता नक्शे में कब आया?” त्यावर सगळे गप्प होतात.

रस्ता नकाशात आलेला असतो तो दहा-पंधरा वर्षांपूर्वी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्या कायद्याप्रमाणे शहराचा प्रारूप विकास आराखडा तयार झाला की तो प्रसिद्ध करावा लागतो, नागरिकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी द्यावी लागते. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. ठरलेल्या मुदतीत हरकत घेणाऱ्याला ऐकून घेतले जाते. मुदत गेली की आराखडा शासनाकडे जातो, मंजूर होतो, आणि पुढची वीस वर्षे शहर त्याप्रमाणे हलते. शाळेचे मैदान, दवाखाना, भाजीमंडई, नाला आणि बारा मीटरचा रस्ता कुठे असेल, हे सगळे त्या कागदावर रंगांनी दाखवलेले असते. आरक्षित जमीन दहा वर्षांत घेतली नाही तर मालकाला कलम १२७ खाली नोटीस देता येते. वक्फच्या जमिनीचे संपादन होणार असेल तर १९९५ च्या वक्फ कायद्याप्रमाणे वक्फ मंडळाला आधी कळवावे लागते. मराठवाड्याचे स्वतंत्र वक्फ मंडळ होते आणि २००२ पासून राज्याचे मंडळही तेव्हाच्या औरंगाबादेतच, म्हणजे जालन्याहून तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. तरीही आपली बैठक भरते ती बुलडोझर आल्यावर.

आता कोणी म्हणेल की भिंतीसाठी भांडू नये काय? जरूर भांडावे. २०२५ मध्ये वक्फ कायद्यात जे बदल झाले त्यानंतर तर कागदपत्रे नीट ठेवणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे. पण मेलेल्यांच्या जमिनीइतकीच जिवंतांच्या जमिनीची चर्चा व्हायला हवी होती. तिथे आपण कुठे आहोत ते पाहू.

महाराष्ट्रातला मुसलमान हा शहरात राहणारा माणूस आहे. राज्यातल्या मुस्लीम लोकसंख्येपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोक शहरांत राहतात. गावात पाच-पन्नास घरे आणि शहरात दाट मोहल्ले, ही आपली वस्ती. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात लिहिले आहे की असुरक्षिततेमुळे मुसलमान एकाच वस्तीत गोळा होतात आणि त्या वस्त्यांना नगरपालिकेच्या सोयी कमी मिळतात. राज्य शासनाने २००८ मध्ये नेमलेल्या डॉ. महमूदुर रहमान समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला; त्यानेही समाजाच्या मागासलेपणाचे चित्र मांडले. या अहवालांतून आपण आरक्षणाचे आकडे उचलले. गटारांविषयीचे वाक्य उचलले नाही.

जालन्यात वस्तीचा प्रश्न गुंठेवारीच्या रूपाने आला. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, बियाण्यांचा धंदा वाढला, मग लोखंडाच्या रोलिंग मिल आल्या. १ मे १९८१ रोजी जिल्हा झाला. कामाच्या शोधात खेड्यातून माणसे आली. त्यांना शहरात बिनशेती प्लॉट परवडणारा नव्हता. शेतकऱ्याने शेत तोडून गुंठ्यागुंठ्याने विकले, शंभर रुपयांच्या बाँडवर सह्या झाल्या, एकाच गुंठ्यात, म्हणजे १०८९ चौरस फुटांत, दोन-दोन भाऊ राहू लागले. रस्ता किती रुंद ठेवायचा हे ज्याने प्लॉट पाडले त्याने ठरवले. अशा घराला बँक कर्ज देत नाही, नळजोडणीला अडचण येते, आणि घर आहे पण कागद नाही अशी अवस्था होते. या वस्त्यांत मुसलमान आहेत, दलित आहेत, मराठा शेतमजूर आहेत. शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. त्याची मुदत १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वस्त्यांना होती, ती २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. विकास शुल्क भरायचे, नकाशा द्यायचा, प्रमाणपत्र घ्यायचे. यासाठी मोहल्ल्यात एखादे टेबल मांडून बसलेला, अर्ज भरून देणारा माणूस हवा. मशिदीच्या कमिटीला हे काम आपले वाटत नाही. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून गेल्यापासून जमिनीचे भाव चढले आहेत, आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याची जमीन सर्वांत आधी हलते.

आपल्याला शहराची चर्चा करताच येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. याच जालन्याने दाखवलेले एक उदाहरण माझ्यासमोर आहे. मुस्लिम ओबीसी चळवळीचे नेते शब्बीर अहमद अन्सारी जालन्याचे. मंडल आयोगावरून १९९० मध्ये देश पेटला असताना मुसलमानातल्या जाती-बिरादऱ्यांचे नाव घेणे म्हणजे एकीला सुरुंग लावणे, असे मोठमोठे लोक म्हणत होते. इस्लाममध्ये जात नाही, हे खरेच. पण मोहल्ल्यात ती आहे हेही खरे. या चळवळीने विणकर, बागवान, अत्तार, पिंजारी, खाटीक यांना आपापल्या धंद्याच्या नावाने उभे केले. दिलीपकुमार यांनी तिला साथ दिली. शासनाने मुस्लीम व्यवसायी जातींना इतर मागासवर्गीयांच्या सवलती दिल्या, आणि त्याबरोबर नगरपालिकेच्या राखीव जागांवर उभे राहण्याचा मार्गही खुला झाला.

या चळवळीत गावोगावी ज्या बैठका झाल्या त्यांत विषय वेगळा होता. तिथे माणूस कौमेचा प्रतिनिधी म्हणून बोलत नव्हता, आपल्या धंद्याविषयी बोलत होता. बागवानाला मंडईतल्या ओट्याविषयी, खाटकाला कत्तलखान्याच्या पाण्याविषयी, विणकराला सुताविषयी बोलायचे असते. ओटा, पाणी, नाला, परवाना हे सगळे नगरपालिकेचे विषय. दाखला काढायला तहसीलमध्ये जावे लागले, शाळेच्या रजिस्टरमधली नोंद शोधावी लागली, मराठीत अर्ज लिहावा लागला. हे शिक्षण कोणत्याही मदरशात किंवा महाविद्यालयात मिळाले नसते. मला वाटते, मराठी लिहिता-वाचता येणे ही आपल्यासाठी केवळ साहित्याची बाब नाही हे या चळवळीने जितके पटवले तितके आपल्या साहित्य संमेलनांनीही पटवले नसेल. हरकतीचा अर्ज मराठीत लिहावा लागतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हे महाराष्ट्रातल्या सर्वांत तहानलेल्या शहरांपैकी एक होते. घाणेवाडी आटला, मोती तलावाचा तळ दिसला. आठवडेच्या आठवडे नळ कोरडे राहिले आणि घराघरांत टँकरचे पाणी विकत घेतले गेले. ज्याच्याकडे मोठी टाकी त्याला स्वस्त, ज्याच्याकडे ड्रम त्याला महाग, असा हा बाजार होता. २०१३ मध्ये जायकवाडीहून जालन्याला पाणी आणणारी योजना सुरू झाली, तेव्हा थोडा श्वास घेता आला. त्याच काळात शहरातले काही नागरिक, मुख्यतः व्यापारी-उद्योजक, घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या नावाने एकत्र आले. वर्गणी काढून त्यांनी जलाशयातला गाळ काढायला लावला. तो गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात नेला. कामाचे कौतुक राज्यभर झाले आणि ते योग्यच होते.

घाणेवाडीचे पाणी नव्या जालन्याचे. जुन्या जालन्याचा तलाव मोती तलाव. त्याच्यासाठी काळ्या मशिदीच्या सहनातून असा मंच निघाला असता तर जमशेदखानाच्या कामाचे चारशे वर्षांनी थोडे उतराई होता आले असते. तसा मंच निघाला नाही. टंचाईत दुवा मागितली गेली, पावसासाठी नमाज पढली गेली, सबीलही लागल्या. उन्हाळ्यात रस्त्यावर थंड पाणी पाजण्यात आपला समाज मागे नसतो. पण माठ भरून ठेवणे आणि तलावाचा गाळ काढणे यांत जो फरक आहे तोच दानात आणि नागरिकत्वात आहे.

टंचाईची खरी जाणकार मोहल्ल्यातली बाई आहे. टँकर किती वाजता येतो, कोणत्या गल्लीच्या टोकाला दाब राहत नाही, गटार कुठे तुंबते आणि ते पाणी नळाच्या पाइपात कुठे मिसळते, हे तिला तोंडपाठ असते. बैठकीला ती नसते. सहनातल्या बैठकीत तिला जागा नाही आणि दुसरी बैठक भरत नाही. १९९३ नंतर नगरपालिकेत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. त्यामुळे आपल्या कितीतरी भगिनी नगरसेविका झाल्या. त्यांच्या सह्या त्यांचे नवरे करतात असे हसून सांगणारे पुष्कळ आहेत. त्या हसणाऱ्यांनी नळाच्या रांगेत एक तास उभे राहून पाहावे.

आणखी एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकातली, पण जालन्याला नेमकी लागू पडणारी. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिकेत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, म्हणजे वस्तीचे प्रश्न वस्तीजवळ चर्चेला यावेत अशी सोय केली. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या २,८५,५७७ भरली. १४,४२३ माणसांनी ही सोय हुकली. टँकरच्या त्या उन्हाळ्यात शहराजवळ प्रश्न सर्व होते, ते मांडायची घटनेने सांगितलेली जागा मात्र नव्हती.

२०२३ मध्ये जालना नगरपालिकेची महानगरपालिका झाली. महानगरपालिका कायद्यात प्रभाग समित्यांची तरतूद आहे. २००९ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात क्षेत्रसभेचीही तरतूद केलेली आहे. खेड्यात जशी ग्रामसभा, तशी काही मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा. बहुतेक शहरांत ही तरतूद कागदावरच राहिली, कारण ती मागायला कोणी गेले नाही आणि न मागता ती देण्यात कोणा नगरसेवकाला रस नव्हता. अशी सभा मशिदीच्या सहनात भरणार नाही. ती शाळेच्या पटांगणात भरेल आणि तिथे शेजारच्या भीमनगरातला माणूस असेल, मारवाडी दुकानदार असेल, बुरखा घातलेली आणि न घातलेली बाई असेल. जमशेदखानाचा मोठा हौद ज्या चौकात होता तिथेही अशीच माणसे येत असणार.